‘श्यामची आई’ टीव्हीवर जाड का दिसते?

गणपतीत आंजर्ल्याला घरी होते. आजी टीव्हीवर ‘श्यामची आई’ बघत होती. मधेच म्हणाली, “वनमाला एवढी जाड होती गं?”

नव्हती. टीव्हीने तिला ताणलं होतं.

आचार्य अत्र्यांचा हा चित्रपट १९५३चा. (साने गुरुजींचं पालगड आमच्याच दापोली तालुक्यातलं, म्हणून आजीचा त्यावर जरा जास्तच हक्क!) तेव्हाची फ्रेम जवळपास चौकोनी असायची, १.३७:१. म्हणजे उंची १, तर रुंदी १.३७. हॉलिवूडमध्ये रुंद सिनेमास्कोप त्याच वर्षी आलं, आपल्याकडे ‘कागज के फूल’ १९५९मध्ये.

आजचा टीव्ही १६:९, म्हणजे १.७८:१. त्यात जुनी फ्रेम बसवायची तर फुल एचडीच्या १९२० पिक्सेलपैकी सुमारे १४८० पुरतात. उरलेल्या दोन काळ्या पट्ट्या. लोकांना वाटतं, पडदा वाया गेला. मग ‘फुल स्क्रीन’ केलं की माणसं ३० टक्के रुंद होतात. ‘झूम’ केलं तर चेहरे नीट राहतात, पण वरखालून मिळून जवळपास पाव चित्र उडतं. मला हे जास्त वाईट वाटतं, कारण ते कळतही नाही. ४के घेतलात तरी फरक नाही. रिझोल्यूशनने चित्र स्पष्ट होतं, आकार सुधारत नाही.

उपाय रिमोटवरच आहे. ‘पिक्चर साइज’मध्ये ‘ओरिजिनल’ किंवा १६:९ ठेवा. व्हिडिओच ताणून अपलोड केलेला असेल, तर ४:३ निवडा. आजीचा तसाच होता. ४:३ केल्यावर वनमाला बारीक झाली आणि आजीने पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितलं.