वनस्पतिजन्य म्हणजे निरुपद्रवी नव्हे

पांढुर्णा आणि सौंसर या तालुक्यांचा 2023 मध्ये छिंदवाड्यापासून स्वतंत्र जिल्हा झाला. संत्री आणि कापसाच्या या मराठीभाषक पट्ट्यात निंबोळी अर्क शेतकऱ्यांच्या ओळखीचा आहे. 2024 मध्ये केंद्राने राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियानासाठी 2,481 कोटी रुपये मंजूर केल्यावर अशा अर्कांना राजमान्यताही लाभली. परंतु कापसावरील अळीला रोखणारा अर्क भातातील गोगलगायीलाही आवरेल, हे गृहीतक फसवे आहे. कडुनिंबातील अझाडिरॅक्टिनचा मुख्य आघात अळीच्या कात टाकण्यावर होतो. गोगलगाय कात टाकतच नाही. तिचे कवच तिच्यासोबत वाढते.

गोगलगायीवर चालणारे वनस्पतिजन्य द्रव्य वेगळे आहे. दक्षिण अमेरिकेतून आशियात आणलेली सोनेरी गोगलगाय भाताची कोवळी रोपे फस्त करू लागली, तेव्हा तेथे चहाच्या कुळातील बियांची पेंड वापरात आली. तिच्यातील सॅपोनिन गोगलगाय मारते, तसेच मासेही मारते. कोळंबीच्या तळ्यातले नकोसे मासे काढण्यासाठी हीच पेंड टाकतात! पांढुर्ण्याच्या कोरडवाहू रानात याची झळ कमी. गोव्याच्या खाजनात मात्र भात आणि मासळी एकाच पाण्यावर पोसतात. तिथे गोगलगायीवरचा उपाय मानशीपाशी जाळे लावणाऱ्याच्या पोटावर येईल.

2022 मध्ये मराठवाड्यात शंखी गोगलगायींनी सोयाबीनची रोपे खाऊन दुबार पेरणी ओढवली. त्यावर गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटे पसरून, खाली जमलेल्या गोगलगायी पहाटे वेचण्याचा उपाय सुचवला जातो. तो निर्धोक आहे. पण त्याची मजुरी कोणत्याही अनुदानात धरलेली दिसत नाही.