पिकते तेथे विकत नाही

'ब्लूबेरी खा आणि हृदय सांभाळा' हा उपदेश हल्ली आरोग्यावरच्या लेखांत वरचेवर वाचायला मिळतो. सांगलीच्या एका मोठ्या दुकानात मी हे फळ प्रत्यक्ष पाहिले. १२५ ग्रॅमची पारदर्शक डबी, आत वाटाण्याहून थोडी मोठी निळीकाळी फळे आणि किंमत तीनशे रुपये! पेरू म्हटले की आपल्याला झाडावरचा पेरू आठवतो. पण त्या नावाचा देश आज ब्लूबेरीच्या निर्यातीत आघाडीवर आहे. इकडे जयसिंगपूरच्या बाजारात मृगाच्या दिवसांत टपोरी जांभळे वाट्यावर विकली जातात आणि गिऱ्हाईक त्यातही घासाघीस करते.

ब्लूबेरीचा गुण खोटा आहे, असे मला म्हणायचे नाही. १०० ग्रॅम फळात सुमारे ५७ कॅलरी आणि अडीच ग्रॅमच्या आसपास तंतू असतात. तिच्या निळ्या रंगद्रव्याला अँथोसायनिन म्हणतात. अमेरिकेतील सुमारे ९३,६०० नर्सेसची १८ वर्षांची पाहणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. ब्लूबेरी व स्ट्रॉबेरी आठवड्यातून तीनपेक्षा जास्त वेळा खाणाऱ्या स्त्रियांत हृदयविकाराच्या झटक्याचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने कमी दिसले. अर्थात, अशा पाहणीने फळामुळेच हे घडले, असे सिद्ध होत नाही. पण ज्या रंगद्रव्याचे एवढे कौतुक, त्याच जातीची रंगद्रव्ये आपल्या जांभळात आणि पिकल्या करवंदातही आहेत. जांभूळ खाल्ल्यावर आरशात जीभ पाहिली की पुरे!

स्वयंपाकघरातही दोघांची चाल एकच. ब्लूबेरी केकच्या मिश्रणात घालण्यापूर्वी कोरड्या पिठात घोळवतात, म्हणजे ती तळाशी बसत नाही. सोडा जास्त झाला तर फळाभोवतीचा केक हिरवट पडतो. जांभळे कुस्करून, बिया काढून, मीठ व जिरेपूड घालून सरबत करावे आणि वर लिंबू पिळावे. रंग क्षणात लालसर होतो. आंबटाने लाल आणि सोड्याने निळा-हिरवा, हा त्या रंगद्रव्याचा स्वभावच आहे. फार वेळ उकळले तर ते नासते, म्हणून दोन्ही फळे ताजी खाणे उत्तम. करवंदाचे तर विचारायलाच नको. कच्चे असताना लोणचे आणि हिरव्या मिरचीची चटणी, पिकल्यावर मुरंबा.

मात्र आपल्याकडे दुसरे टोक गाठणारेही आहेत. जांभळाच्या बियांची पूड घेतली की मधुमेह पळतो, असे सांगून गोळ्या बंद करायला लावणारे सल्लागार गल्लोगल्ली भेटतात. ब्राझीलमधील डॉक्टरांनी जांभळाच्या पानांचा चहा मधुमेही रुग्णांना देऊन पाहिला. रक्तातली साखर उतरली नाही. फळ हे अन्न आहे. ते आवडीने खावे, औषधाच्या जागी बसवू नये.

मग तीनशे रुपयांचे रहस्य कशात आहे? ते माणसांनी घेतलेल्या कष्टांत आहे. शंभर वर्षांपूर्वी ब्लूबेरी हे अमेरिकेतले रानफळच होते. न्यू जर्सीच्या एलिझाबेथ व्हाइट यांनी १९११ पासून फ्रेडरिक कोव्हिल या शास्त्रज्ञाबरोबर काम सुरू केले. रानात फळे वेचणाऱ्यांना त्यांनी सांगितले, 'सर्वांत मोठ्या फळांचे झुडूप दाखवा, पैसे देते.' विशेष म्हणजे, त्या झुडपाला शोधणाऱ्याचे नाव दिले जाई! १९१६ साली लागवडीच्या ब्लूबेरीचे पहिले पीक बाजारात गेले.

आपल्याकडे असे प्रयत्न अगदीच झाले नाहीत असे नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने जांभळाची 'कोकण बहाडोली' ही जात दिली आहे. पण आपल्या शिरोळ तालुक्यात काय दिसते? उसावर सावली पडते म्हणून बांधावरचे जांभूळ तोडले जाते. वास्तविक जांभूळ पाणथळ आणि खारवट जमीनही सोसते, आणि क्षारपड जमीन हे तर आपल्या तालुक्याचे जुनेच दुखणे!

माझी आई जांभळे विकते. तिने शाळेची पायरी चढली नाही. परंतु कोणत्या गावच्या कोणत्या झाडाचे फळ गोड, कोणते तुरट, कोणते दुसऱ्या दिवसापर्यंत टिकते, हे तिला तोंडपाठ आहे. जांभूळ दीड-दोन दिवसांत उतरते, म्हणून संध्याकाळी ती येईल त्या भावाने पाटी रिकामी करते. तिच्या ज्ञानाची नोंद कुठल्याही वहीत नाही. झाड तुटले की ते ज्ञानही निरुपयोगी होते, कारण नुसत्या बीपासून अगदी तसेच झाड मिळण्याची खात्री नसते. त्यासाठी कलमच बांधावे लागते.

म्हणून माझी एक सूचना आहे. आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात रस्ते झाडण्याबरोबर हेही काम घ्यावे. उदगाव, नांदणी, अर्जुनवाड अशा गावांत जाऊन फळे विकणाऱ्या बायकांना विचारावे, चांगल्या झाडांची यादी करावी आणि त्यांची कलमे बांधण्यासाठी कृषी खात्याची मदत मागावी. आणि एखाद्या कलमाला ते झाड दाखवणाऱ्या बाईचे नाव द्यावे. न्यू जर्सीत जे झाले ते शिरोळ तालुक्यात का होऊ नये? मित्रहो, पुढच्या मृगापूर्वी कामाला लागू या. झाडे अजून उभी आहेत तोवर.