पशुवैद्य : आपले विसरलेले सहव्यवसायी

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने 'एखाद्या वैद्यकीय विषयावर लिहा' असे सुचविले, तेव्हा मी मधुमेह हा विषय निवडला. आपल्या भागातील मधुमेह, त्याची कारणे, पथ्यपाणी असा नेहमीचा लेख दोन बैठकांत लिहून झाला असता. परंतु या रोगाचा सर्वांत कठोर धडा मला ज्या रुग्णाने दिला, तो रुग्ण मनुष्य नव्हता. आमच्या घरच्या अकरा वर्षांच्या बोक्याविषयी, गोट्याविषयी, डॉक्टरांच्या स्मरणिकेत लिहावे की नाही याचा मी बराच विचार केला. बोक्याचे कौतुक सांगण्याचा हेतू नाही. एका चुकीची, खरे तर दोन चुकांची, कबुली द्यावयाची आहे आणि त्या निमित्ताने आपल्या संघटनेपुढे एक मागणी ठेवावयाची आहे.

गेल्या वर्षी मृग नक्षत्राच्या सुमारास गोट्या मोरीतील बादलीवर वारंवार जाऊन पाणी पिऊ लागला. मांजर हे मुळात फार थोडे पाणी पिणारे जनावर. त्याच्या वाळूच्या घमेल्याला मुंग्या लागल्या. सौ.ने त्या मला दाखविल्या, तेव्हा "पावसाळा आहे, मुंग्या निघणारच," असे म्हणून मी दवाखान्यात निघून गेलो. प्रमेहाच्या पूर्वरूपांत लघवीकडे धावणाऱ्या मुंग्यांची नोंद चरकसंहितेतही आहे, आणि ही गोष्ट मी आजवर अनेक रुग्णांना मोठ्या ऐटीने सांगत आलो होतो. पुढे तो भरपूर खाऊनही वाळू लागला. चालताना मागचे पाय टाचेपर्यंत जमिनीला टेकवू लागला. मी म्हणालो, म्हातारपण. समोर बसलेल्या प्रत्येक मधुमेह्याला चपला काढावयास लावून त्याचे तळपाय पाहणाऱ्या माणसाला स्वतःच्या ओसरीवरचा मज्जाविकार दिसला नाही!

शेवटी त्याला टोपलीत घालून आम्ही नागपूर गाठले. तेथील तरुण पशुवैद्य भगिनीने तपासण्यापूर्वी बराच वेळ नुसती माहिती विचारली. त्यातील एक प्रश्न असा होता, "अलीकडे याला स्टेरॉइडचे एखादे इंजेक्शन दिले होते का?" दिले होते. उन्हाळ्यात त्याच्या अंगाला खाज सुटली, तेव्हा माझ्याच दवाखान्यातील दीर्घकाळ टिकणारे मिथाइल प्रेडनिसोलोन मीच दोनदा टोचले होते. मांजरात अशा इंजेक्शनाने सुप्त मधुमेह उघडा पडू शकतो, हे पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्याला ठाऊक असते; मला नव्हते. त्यांनी मला दोष दिला नाही. केसपेपरवर शांतपणे नोंद केली. ती शांतता मला अधिक बोचली.

येथे एका कायद्याची आठवण करून देतो. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ च्या कलम ३० नुसार नोंदणीकृत पशुवैद्याखेरीज इतर कोणास पशुवैद्यकाचा व्यवसाय करता येत नाही. वैदूंनी किंवा बोगस डॉक्टरांनी माणसांवर उपचार केले की आपण निवेदने देतो. पण शेजाऱ्याच्या कुत्र्याला चिठ्ठी लिहून देताना, 'याला अर्धी गोळी द्या' असे फोनवर सांगताना आपल्यापैकी कितीजणांना ते कलम आठवते? आणि प्रश्न केवळ कायद्याचा नाही. आपण लहान मुलांना निःशंकपणे देतो ती पॅरासिटामॉलची गोळी मांजराचा प्राण घेऊ शकते, कारण ते औषध निर्विष करणारी यकृतातील यंत्रणा मांजरात अतिशय दुबळी असते. लठ्ठ मांजर काही दिवस उपाशी राहिले तरी त्याच्या यकृतात चरबी साचून ते दगावू शकते. 'एक दिवस लंघन घडू द्या' हा आपला घरगुती सल्ला तेथे चालत नाही. चिडलेल्या, घाबरलेल्या निरोगी मांजराची रक्तशर्करा केवळ भीतीने तीनशेच्या घरात जाऊ शकते. म्हणून पशुवैद्य एका आकड्यावर विसंबत नाहीत, फ्रुक्टोसामाइनची तपासणी करून मागील दोन-तीन आठवड्यांचा अंदाज घेतात.

असे असूनही हा रोग आपल्या रोगाचा सख्खा भाऊ आहे. बहुतेक मांजरांचा मधुमेह आपल्या दुसऱ्या प्रकारासारखा असतो: वय, लठ्ठपणा, घरात बसून खाणे. त्यांच्या स्वादुपिंडाच्या बेटांतही माणसाप्रमाणेच अ‍ॅमिलॉइड साचते. ते ज्या अ‍ॅमिलिनपासून बनते, ते १९८७ साली माणसाच्या आणि मांजराच्या ऊतींतून ओळखले गेले. उंदराच्या अ‍ॅमिलिनची रचना थोडी वेगळी असल्याने त्यात असे साचणे घडत नाही. आणखी मागे जावे तर, १८८९ साली फॉन मेरिंग आणि मिंकोव्स्की यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढले, तेव्हा मधुमेहाचे मूळ सापडले. १९२१ साली बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन प्रथम कुत्र्यांवरच वापरून पाहिले. त्यानंतर १९८२ साली मानवी इन्सुलिन बाजारात येईपर्यंत सुमारे साठ वर्षे जगभरचे मधुमेही गाय-बैल आणि डुकरांच्या स्वादुपिंडांतून काढलेल्या इन्सुलिनवर जगले. गोवंशाचे इन्सुलिन मांजराच्या इन्सुलिनपेक्षा एकाच अमिनो आम्लाने वेगळे आहे. पोळ्याला बैलाच्या शिंगांना बेगड लावणाऱ्या आपल्या मुलखाने हे ऋण तरी लक्षात ठेवावयास हरकत नाही.

गोट्याला दिवसातून दोनदा, दोन दोन युनिट ग्लार्जिन सुरू झाले. स्टेरॉइड अर्थातच बंद. महिनाभर सर्व सुरळीत चालले. कानाच्या कडेला टोचून साखर मोजणे सौ. माझ्यापेक्षा सफाईने करू लागली. मग पोळ्याच्या आधीच्या आठवड्यातील ती रात्र आली. त्याच्या नेहमीच्या सिरिंजा संपल्या होत्या. मी दवाखान्यातून मूठभर आणल्या आणि आठ वाजता त्यातील एक वापरली. दोनच्या खुणेपर्यंत भरली, टोचली, हात धुतले. तो त्या संध्याकाळी अर्धेच जेवला होता, तिकडेही माझे लक्ष नव्हते.

दीडच्या सुमारास पलंगाखाली धडधड ऐकू आली. गोट्या आडवा पडून झटके देत होता, तोंडाला फेस होता. साखर मोजली : ३१. माणसाच्या यंत्रावर मांजराची साखर बहुधा प्रत्यक्षाहून थोडी कमी दिसते, हे मान्य केले तरी समोरचे झटके खोटे नव्हते. हिरड्यांना मध चोळला. झटक्यात असलेल्या जनावराच्या घशात काही ओतावयाचे नाही, एवढे भान सुदैवाने उरले होते. डेक्स्ट्रोज घरात होते. पण शीर? तीस वर्षे ज्या हातांनी तान्ह्या बाळांच्या शिरा शोधल्या, ते हात त्या केसाळ पायाशी दोनदा चुकले. बाहेर पाऊस कोसळत होता आणि नागपूर साठ-सत्तर किलोमीटर दूर होते.

सौ.ने गावातील पशुवैद्यांना फोन लावला. त्यांचा-माझा परिचय लग्नकार्यातील नमस्कारापुरता. त्यांचे आयुष्य गायी-म्हशींत गेलेले. त्यांना मांजराचे काय कळणार, असा विचार त्याही क्षणी माझ्या मनाला शिवला, हे नमूद करतो. ते वीस मिनिटांत मोटारसायकलवर ओलेचिंब होऊन आले. पुढच्या पायावरचे केस कातरीने कापले, अंगठ्याने शीर दाबली आणि चोवीस नंबरची सुई पहिल्याच प्रयत्नात बसविली. पंचवीस टक्क्यांचे डेक्स्ट्रोज सलाइनमध्ये पातळ करून त्यांनी हळूहळू दिले, मग पाच टक्क्यांचे सुरू ठेवले. झटके थांबले. मी सुटकेचा निःश्वास टाकून सुई काढू या म्हणालो, तर ते म्हणाले, "थांबा साहेब. ग्लार्जिन हाय ना? ते सकाळलोक काम करते. आता काढली तं चार वाजता पुन्हा पडन." ते पहाटेपर्यंत तासातासाला साखर मोजत बसून राहिले. ग्लार्जिन किती तास चालते हे मला माहीत नव्हते असे नाही. मी रोज ते लिहून देतो.

चार वाजता चहा पिताना त्यांनी ओट्यावरची वापरलेली सिरिंज उचलली. "टोपी लाल हाय," एवढेच म्हणाले. डॉक्टर वाचकांच्या लक्षात आले असेल. इतरांसाठी सांगतो : आपल्याकडे इन्सुलिन दोन तीव्रतांत मिळते, एका मिलिलिटरला ४० युनिट आणि १०० युनिट. चाळीसच्या सिरिंजेची टोपी लाल, शंभरच्या सिरिंजेची नारिंगी. ग्लार्जिन शंभरचे. ते लाल टोपीच्या सिरिंजेत दोनच्या खुणेपर्यंत भरले की दोन युनिट नव्हे, पाच युनिट जातात. अडीच पट. माझ्या परिचारिकेकडून हे घडले असते तर मी तिला काय काय सुनावले असते!

दुसऱ्या दिवशी ओसरीवर बसलेल्या एका वृद्ध रुग्णाने विचारले, "डाक्टरसाहेब, मांजरीलेबी शुगर होते का जी?" होते, म्हणालो. मग त्याने दुसरा प्रश्न विचारला, तो मात्र अवघड होता : "अन् तिच्या औषिधाले पैसे किती लागते?" तो संत्र्याच्या बागेत मजुरी करतो आणि महिनाअखेरीस स्वतःचे इन्सुलिन एक दिवसाआड घेतो, हे मला ठाऊक होते. माणसांना औषध पुरत नसताना मांजराच्या मधुमेहावर खर्च कशासाठी, ही टीका ढोंगी नाही आणि तिला माझ्याजवळ गुळगुळीत उत्तर नाही. इतकेच म्हणेन की बोक्याचे दिवसाचे चार युनिट बंद केल्याने त्या मजुराचे इन्सुलिन आपोआप पुरे होणार नव्हते. त्यासाठी मला वेगळे काही करणे भाग होते, आणि ते मी तोवर केले नव्हते. पाळलेल्या जिवाला वेदनेत ठेवण्याचा अधिकार गरिबीच्या दाखल्याने मिळत नाही. ज्यांना उपचार खरोखरच झेपत नाहीत, त्यांनी तसे पशुवैद्याला मोकळेपणाने सांगावे. आहारातील पिष्ट कमी करणे, वजन उतरविणे येथपासून ते वेदनारहित मृत्यूपर्यंतचे मार्ग त्यांच्याजवळ असतात. लाज वाटून जनावर रस्त्यावर सोडणे हा मार्ग नव्हे.

एका सन्मित्राने मला गोळीविषयी विचारले होते. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने डिसेंबर २०२२ मध्ये मांजरांसाठी बेक्साग्लिफ्लोझिनला मान्यता दिली, हे खरे. परंतु पूर्वी इन्सुलिन घेतलेल्या मांजरांना ती देऊ नये, असा इशारा सोबत आहे. साखर फारशी वाढलेली नसतानाही कीटोन वाढून प्राणावर बेतू शकते. माणसांच्या तशाच गोळ्यांचे तुकडे करून देण्याचा मोह कृपया कोणी करू नये.

आता मागणी. आपल्या संघटनेच्या मासिक सभांना नागपूरहून हृदयरोगतज्ज्ञ येतात, मेंदूतज्ज्ञ येतात. गावातच राहणाऱ्या पशुवैद्याला आपण इतक्या वर्षांत एकदाही बोलाविलेले नाही. मुंबईत परळचे पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ पासून आहे, नागपूरचे १९५८ पासून. जबलपूरला स्वतंत्र पशुवैद्यक विद्यापीठ आहे. या विद्येला आपण अजूनही 'ढोरांचा डॉक्टर' या दोन शब्दांत उरकतो. दुधाचा धंदा करणारा माणूस चढउतार होणारा ताप आणि कंबरदुखी घेऊन आला, तर त्याच्या गोठ्यात गायी गाभडल्या का, हे आपण कोणाला विचारतो? कुत्रा चावलेल्या मुलाला लस टोचल्यावर त्या कुत्र्याचे पुढे काय झाले, हे कोण पाहते? २०२३ साली पांढुर्णा जिल्हा झाला, आपले सौंसर त्यात आले. नव्या जिल्ह्यात नवी कार्यालये येतील, तशी मांजर-कुत्र्यांच्या रात्रीच्या उपचारांची थोडी सोयही मागता येईल. पण ती मागण्यापूर्वी जे आपल्यात आहेत त्यांना आपल्या पंगतीत बसविले पाहिजे. पशुवैद्यांना सहयोगी सभासदत्व द्यावे आणि वर्षातून किमान एक सभा एकत्र घ्यावी, असा ठराव मी येत्या वार्षिक सभेत मांडणार आहे.

गोट्याचे इन्सुलिन पुढे कमी करत आणले आणि सहाव्या महिन्यात बंद झाले. लवकर उपचार मिळालेल्या काही मांजरांत असे घडते. रोग परतूही शकतो, म्हणून आठवड्यातून एकदा कान टोचणे चालू आहे. मागचे पाय जवळजवळ पूर्वीसारखे झाले आहेत. दवाखान्यातील लाल आणि नारिंगी टोप्या आता वेगवेगळ्या कपाटांत राहतात.

त्या पशुवैद्यांना मी सभेत बोलण्याविषयी विचारले आहे. विषय मी 'मांजराचा मधुमेह' असा सुचविला होता. ते हसले आणि म्हणाले, "साहेब, इथं मांजरी किती, अन् पिसाळलेले कुत्रे किती? आधी रेबीजवर बोलतो."