वसतिगृहातील गरम पाणी : सोय, सुरक्षितता आणि विनय

निवासी शाळेच्या वाटचालीचा आढावा घेताना आपण निकालाची टक्केवारी मांडतो, क्रीडास्पर्धांतील पारितोषिके मोजतो, नव्या इमारतींची छायाचित्रे छापतो. पहाटे शंभर मुलांच्या स्नानासाठी पाणी कसे तापते, याची नोंद मात्र कोणी घेत नाही. गौताळ्याच्या डोंगररांगांना लागून असलेल्या आपल्या कन्नड तालुक्यात पौष-माघातील पहाट काय असते, हे वसतिगृहात राहिलेल्या प्रत्येक माजी विद्यार्थ्याला ठाऊक आहे. हा विषय स्वयंपाकघरामागचा म्हणून दुर्लक्षिला जातो. मुलांच्या जिवाशी त्याचा थेट संबंध असल्यामुळे मी तो या स्मरणिकेच्या पानावर मांडत आहे.

विजेचा भरवसा नाही, तिचे बिलही परवडत नाही. सौर बंब ढगाळ दिवशी हात टेकतो. म्हणून अनेक संस्थांत, आणि आता घरांतही, एक तोड काढली जाते. लाकडाच्या चुलीत लोखंडी वा तांब्याच्या नळीचे वेटोळे बसवायचे आणि ती नळी गरम पाण्याच्या टाकीला जोडायची. कल्पना उत्तम आहे. एकाच जाळावर भातही शिजतो आणि पाणीही तापते, सौर यंत्रणेला जोड दिली तर लाकूडही कमी जळते. माझा आक्षेप या कल्पनेवर नाही. ती ज्या निष्काळजीपणे अमलात आणली जाते, त्यावर आहे. चुलीची नळी जुन्या, बंद विजेच्या गिझरला जोडून देणारे मिस्त्री आहेत आणि ‘स्वस्तात काम झाले’ म्हणून समाधान मानणारे व्यवस्थापकही आहेत.

यातील धोका नीट समजून घेतला पाहिजे. गिझरमधील पाणी ठरावीक तापमानाला पोचले की थर्मोस्टॅट वीज तोडतो. लाकडाला असे बटण नसते. निखारा आहे तोवर पाणी तापतच राहते. पाणी तापले की फुगते आणि उकळले की त्याची वाफ होते. एक लिटर पाण्याची मोकळ्या हवेत सुमारे १६०० लिटर वाफ होते. गिझरकडे येणाऱ्या नळावर पाणी मागे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह बसवलेला असेल आणि पुढचे नळ बंद असतील, तर त्या फुगवट्याला आणि वाफेला जायला जागाच उरत नाही. दाब वाढत जातो आणि भांडे सर्वांत कमकुवत सांध्यापाशी फुटते.

आपल्या आजी-पणजीच्या घरातला तांब्याचा बंब आठवावा. मधोमध जाळाचे नळकांडे, भोवती पाणी. वरच्या तोंडाने गार पाणी ओतायचे आणि तोटीतून गरम पाणी घ्यायचे. त्या बंबाचे तोंड कधी घट्ट बंद नसे. रिकाम्या बंबात जाळ घालायचा नाही, सांधे सुटतात, हेही घरातल्या लहान मुलाला ठाऊक असे. वाफेला वाट ठेवायची आणि पाण्यावाचून विस्तव लावायचा नाही, हे दोन नियम त्या साध्या भांड्याने पिढ्यान्‌पिढ्या शिकवले. यंत्रणा आधुनिक झाली आणि आपण नेमके तेच विसरलो.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला आणखी मागे जावेसे वाटते. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात ‘जन्ताघर’ म्हणजे उष्ण स्नानगृहाचे तपशीलवार वर्णन आहे. वैशालीतील भिक्खूंच्या प्रकृतीच्या तक्रारी पाहून वैद्य जीवकाने चंक्रमण आणि जन्ताघर सुचवले व तथागतांनी दोहोंना अनुमती दिली. त्याबरोबर बांधणीचे नियमही आले. लहान जन्ताघरात अग्निस्थान एका बाजूला असावे, मोठ्यात मध्यभागी असावे. धूर बाहेर जाण्यासाठी ‘धूमनेत्त’ म्हणजे धुराडे असावे. त्याच ग्रंथात एका अनर्थाचीही नोंद आहे. थेर भिक्खूंनी रोखले म्हणून षड्‌वर्गीय भिक्खूंनी अनादराने जन्ताघरात भरपूर लाकडे रचून पेटवली, दार लावून घेतले आणि दारातच ठाण मांडले. आतील भिक्खू उष्णतेने मूर्च्छित होऊन पडले. त्यानंतर तथागतांनी जन्ताघराचे व्रत, म्हणजे तेथील कर्तव्ये, घालून दिली. जो प्रथम येईल त्याने साचलेली राख काढावी, झाडून घ्यावे, पाणी भरावे. जो शेवटी निघेल त्याने विस्तव विझवून दार लावावे.

मला यात दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. तथागतांनी स्नानगृहावर बंदी घातली नाही, नियम घातला. आणि राख काढण्याचे काम जन्मावरून ठरवले नाही, येण्याच्या क्रमावरून ठरवले.

तोच विनय आजच्या चुलीला लावायचा तर काय करावे? टाकी चुलीपेक्षा उंचावर असावी. टाकीच्या तळातून गार पाण्याची नळी चुलीकडे उतरावी आणि वेटोळ्याच्या वरच्या टोकातून निघालेली गरम पाण्याची नळी सतत चढत टाकीत जावी. गरम पाणी हलके असल्याने आपोआप वर चढते, त्याला पंप लागत नाही आणि वीज गेली तरी ते फिरत राहते. वेटोळे आणि टाकी यांच्यामध्ये कोणताही कॉक नसावा. टाकीच्या माथ्यावरून एक उघडी नळी निघावी. तिचे तोंड गार पाण्याच्या टाकीच्या पातळीहून उंच आणि कुणाच्या अंगावर वाफ येणार नाही असे असावे. ही नळी कधीही बुजवू नये. शिवाय सेफ्टी व्हॉल्व्ह असावा आणि त्याचा निचरा इमारतीबाहेर काढावा. चुलीजवळ प्लास्टिकची नळी वापरू नये. आपल्या बोअरच्या जड पाण्याने नळीत क्षार साचतो व वाट अरुंद होते, म्हणून वर्षातून एकदा तरी ती साफ करावी. पाणी संपून वेटोळे तापलेले आढळले तर त्यात गार पाणी सोडू नये. आधी विस्तव काढावा आणि ते थंड होऊ द्यावे.

वाफेइतकाच घातक धूर. चूल बंद स्नानगृहात नसावी आणि धुराडे छपराच्या वर जावे. कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो. तसेच ६० अंश सेल्सिअसचे पाणी काही सेकंदांत खोल भाजते आणि लहान मुलाची त्वचा अधिक नाजूक असते. म्हणून टाकीतले पाणी थेट मुलांच्या नळाला देऊ नये, गार पाणी मिसळूनच द्यावे.

यावर सरकारी देखरेख नाही का, असे कुणी विचारील. १८६३ साली कलकत्त्यात बॉयलरचा भीषण स्फोट होऊन माणसे दगावली, त्यानंतर १८६४ चा बंगालचा कायदा आला आणि पुढे १९२३ मध्ये सर्व देशासाठी कायदा झाला. माणसे मेल्यावर कायदा जागा होतो, हा इतिहास आहे. परंतु जेथे पाणी १०० अंशांखालीच तापवायचे आहे, असे भांडे आजच्या व्याख्येनुसार बॉयलर ठरत नाही. आपल्या चुलीवरच्या टाकीची तपासणी करायला कोणी निरीक्षक येणार नाही. ती जबाबदारी संस्थेचीच आहे.

इथेच माझा खरा मुद्दा आहे. चूल पेटवणारा कर्मचारी बहुधा संस्थेतील सर्वांत कमी पगाराचा माणूस असतो. काही विपरीत घडले तर दोष त्याच्या माथी येतो; पण नळी कुठे जोडायची, सेफ्टी व्हॉल्व्हचा खर्च वाचवायचा की नाही, हे बैठकीत ठरलेले असते. अधिकार वरच्याकडे आणि जोखीम खालच्याकडे, ही वाटणी आपल्या परिचयाची आहे. परमपूज्य बाबासाहेबांच्या पुढाकाराने १९२४ साली स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने पुढच्याच वर्षी सोलापुरात वसतिगृह काढले. १९२७ साली महाडला आपण पाण्याचा हक्क बजावला. ज्या चळवळीने वसतिगृह आणि पाणी या दोन्ही गोष्टींना माणुसकीचा प्रश्न मानले, तिच्या वारसांच्या संस्थेत जुनी वाटणी चालू नये.

थंड पाण्याने मुले कणखर होतात, असे सांगणारे ज्येष्ठ भेटतात. थंडीने कुडकुडणारे मूल पहिल्या तासाला फळ्याकडे पाहत नाही, हा वर्गातला रोजचा अनुभव आहे. सगळेच सौर करा, असेही काही जण सुचवतात. जमेल तेवढे अवश्य करावे. पण ढगाळ आठवड्यात चूल पेटणारच, तेव्हा ती नियमाने पेटावी.

म्हणून माझी सूचना अशी : जोडणी जाणकाराकडून तपासून घ्यावी, तिचा आराखडा व नियम चुलीशेजारच्या भिंतीवर मराठीत लिहावेत, चूल पेटवणाऱ्यास रीतसर शिक्षण द्यावे आणि रोज एका शिक्षकाने उघडी नळी मोकळी असल्याची पाहणी करून सही करावी. आठवी-नववीच्या मुलांना हीच यंत्रणा विज्ञानाच्या तासाला दुरून दाखवावी. देणगीदार बांधवांनी पुढील वर्षी कमानीऐवजी या कामाला हात लावला, तर तेही धम्मदानच ठरेल.