अति घाई पाण्यात नेई

क्रीडापान उघडलं की सध्या आयपीएलशिवाय दुसरं काही दिसत नाही. उल्हासनगर कॅम्प पाचच्या चहाच्या टपरीपासून बदलापूर पूर्वेच्या रिक्षा स्टँडपर्यंत चर्चेला विषय एकच. मुंबई इंडियन्स परंपरेप्रमाणे पहिला सामना हरली, आता पुढे काय? या गोंगाटात आपल्याच देशात एक मोठी स्पर्धा सुरू होते आहे, याची खबर आपल्या पट्ट्यात फारशी कुणाला नसेल. म्हणून या आठवड्याचा स्तंभ तिच्यासाठी. येत्या गुरुवारपासून, म्हणजे 27 ते 30 मार्च 2025, गुरुग्रामच्या डीएलएफ गोल्फ अँड कंट्री क्लबवर हिरो इंडियन ओपन रंगणार आहे. बक्षिसांची एकूण रक्कम साडेबावीस लाख डॉलर, म्हणजे साधारण 19 कोटी रुपये. युरोपच्या डीपी वर्ल्ड टूरवरचे खेळाडू त्यासाठी येताहेत.

स्पर्धा जुनी आहे. 1964 साली दिल्लीत पहिल्यांदा झाली आणि ब्रिटिश ओपन पाच वेळा जिंकणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्या पीटर थॉमसनने ती जिंकली. दुसऱ्याच वर्षी कोलकात्यात पी. जी. सेठी या हौशी भारतीय खेळाडूने भल्याभल्या व्यावसायिकांना मागे टाकून चषक घरी नेला. पण आजचा विषय चषकाचा इतिहास नाही. आजचा विषय आहे ते मैदान.

2016 पर्यंत ही स्पर्धा बहुतेक वेळा दिल्ली गोल्फ क्लबवर व्हायची. दोन्ही बाजूंनी दाट झाडी, मधून अरुंद फेअरवे. तिथे चेंडू लांब मारण्यापेक्षा सरळ मारणं महत्त्वाचं. आपल्या मुलांना ते मैदान तळहातासारखं पाठ. 2017 मध्ये स्पर्धा डीएलएफच्या नव्या कोर्सवर गेली आणि सगळाच हिशेब बदलला. हा कोर्स दक्षिण आफ्रिकेच्या गॅरी प्लेअरने आखला आहे. चारही ग्रँड स्लॅम स्पर्धा जिंकणारा जगातला तिसरा खेळाडू, नऊ मोठ्या विजेतेपदांचा धनी. लांबी सुमारे 7,400 यार्ड, पार 72. पण छातीत धडकी भरते ती लांबीने नाही. ग्रीनवर, म्हणजे खड्ड्याभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, चढउतार असे की चेंडू खड्ड्यापासून हातभर अंतरावर थांबतोय असं वाटतं, क्षणभर थबकतो आणि उलटा निघतो. उतरत उतरत थेट खालच्या वाळूच्या बंकरमध्ये. बंकर कसले, आत उभ्या असलेल्या खेळाडूची कधी कधी फक्त टोपी दिसते. शेवटच्या नऊ होलमध्ये खडक फोडलेल्या खाणीचे कडे आहेत. आणि पाणी तर पावलोपावली.

गोल्फ नवीन असणाऱ्यांसाठी थोडक्यात. प्रत्येक होलला ठरावीक फटक्यांची अपेक्षा असते, ती पार. एक कमी लागला तर बर्डी, एक जास्त लागला तर बोगी. चार दिवस, रोज 18 होल, चारही दिवसांची बेरीज. ज्याचे फटके सगळ्यात कमी, तो विजेता. एकूण पारपेक्षा जितके फटके कमी, तितके ‘अंडर’. दोन दिवसांनंतर पहिले 65 आणि त्यांच्या बरोबरीतले तेवढे पुढे जातात. बाकीच्यांनी शुक्रवारी रात्रीच बॅगा भरायच्या, आणि बक्षिसातला छदामही मिळत नाही.

इतकं कळलं की डीएलएफचा खट्याळपणा ध्यानात येतो. इथे प्रत्येक फटका मारताना पुढचा फटका कुठून मारायचा आहे, हे आधी ठरवावं लागतं. आपल्याला हे वेगळं शिकवायला नको. अंबरनाथहून सकाळी दादरला जाणारा माणूस गाडी यायच्या आधीच फलाटावर नेमक्या जागी उभा असतो, कारण दादरला पूल कुठे येतो हे त्याला ठाऊक असतं. डबा गाठणं सोपं, पण उतरल्यावर गर्दीत अडकायचं नाही हा खरा बेत. डीएलएफवर ग्रीन गाठणं हे डब्यात शिरण्यासारखं. ग्रीनच्या कुठल्या भागावर गाठलं, यावर पुढचं सगळं अवलंबून. चुकीच्या बाजूला पंधरा फुटांवर असण्यापेक्षा बरोबर बाजूला तीस फुटांवर असलेलं परवडतं.

याचा पहिला धडा 2017 मध्येच मिळाला, आणि देणारा आपला माणूस होता. एस. एस. पी. चौरसिया. वडील रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबवर मैदानाची निगा राखायचे आणि तिथेच हा मुलगा खेळायला शिकला. उंचीने लहान, फटका आखूड. नवा लांबलचक कोर्स पाहून सगळ्यांनी त्याला मोडीत काढलं होतं. आदल्या वर्षी दिल्लीत त्याने ही स्पर्धा जिंकली होती, पण ते मैदान ओळखीचं. त्याने काय केलं? कुठेही मर्दुमकी दाखवली नाही. जिथे पाणी तिथे अलीकडे थांबला, जिथे ग्रीनचा उतार फसवा तिथे सपाट बाजू पकडली, आणि जवळच्या फटक्यांवर हात साफ करून घेतला. चिप आणि पुट यांवरच्या हुकमतीमुळे सहकारी त्याला गमतीने ‘चिपुटसिया’ म्हणतात. तो 10 अंडर पारवर, तब्बल सात फटक्यांनी जिंकला. ज्या कोर्सने लांब मारणाऱ्यांच्या तोंडचं पाणी पळवलं, तो या आखूड मारणाऱ्याला पावला.

दुसरा धडा 2019 चा. स्कॉटलंडचा स्टीफन गॅलाकर, वय 44, पिशवी खांद्यावर घेऊन सोबत त्याचाच मुलगा. शेवटच्या दिवशी सातव्या होलवर या गृहस्थाने आठ फटके मोजले. पार चारचा होल, म्हणजे एका झटक्यात चार फटक्यांचा भुर्दंड. दुसऱ्या कुठल्या मैदानावर एवढ्यात खेळ आटोपला असता. इथे आटोपला नाही, कारण पुढच्या तासाभरात कोर्सने बाकीच्यांकडूनही आपली वसुली केली. गॅलाकरने शेवटच्या तिन्ही होलवर बर्डी मारली आणि एका फटक्याने स्पर्धा जिंकली.

उलट बाजूही आहे. 2018 मध्ये चंडीगडच्या शुभंकर शर्माने दुसऱ्या दिवशी 64 मारले. तिसऱ्या दिवसाअखेर तो आघाडीत भागीदार होता. शेवटच्या दिवशी 75 लागले आणि पाणी कुठे मुरलं ते बघता बघता चषक इंग्लंडच्या मॅट वॉलेसकडे गेला. गेल्या वर्षीचा विजेता, जपानचा केइटा नाकाजिमा, पहिल्या दोन दिवशी 65-65 आणि मग 68 खेळला. आता या कोर्सचे दात पडले, असं वाटायला लागलं. रविवारी त्याच माणसाला 73 लागले, पारपेक्षा एक जास्त. आधीची कमाई मोठी होती म्हणून 17 अंडरवर चार फटक्यांनी निभावलं.

गेली काही वर्षं एक कुरकुर कानावर येते. कोर्स फारच जाचक आहे, ग्रीनचे उतार अन्यायकारक आहेत, प्रेक्षकांना बर्डी बघायच्या असतात, चुका नाहीत. मला हे पटत नाही. बर्डींचा पाऊस बघायचा असेल तर जगभरात दर आठवड्याला कुठे ना कुठे पडत असतो. वीस-बावीस अंडरवर जिंकणारे विजेते दोन आठवड्यांनी आठवतही नाहीत. सोप्या कोर्सवर ताकदवानाचा फायदा होतो, कारण त्याची चूक खपून जाते. कठीण कोर्स ताकद आणि अक्कल या दोघांना एकाच रांगेत उभं करतो. म्हणूनच तिथे चौरसिया जिंकू शकतो. डीएलएफच्या व्यवस्थापनाला एवढंच सांगणं, की मैदानाचा काटा बोथट करू नका.

काटा काढायचाच असेल तर फाटकावरचा काढा. भारतीय गोल्फचं दुखणं नेमकं तिथे आहे. 1991 मध्ये इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक अली शेर हा दिल्लीत कॅडी होता. 2009 मध्ये याच डीएलएफच्या जुन्या कोर्सवर जिंकलेला सी. मुनियप्पा बंगळुरूचा कॅडी. दुसऱ्याची पिशवी उचलत, सुट्टीच्या दिवशी जुन्या काठीने चेंडू मारत ही माणसं वर आली. म्हणजे सभासदत्व नसलेल्याला आत शिरायचा रस्ता एकच, हमालीचा. महाराष्ट्रातली गत वेगळी नाही. चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब 1927 पासून आहे, हार्बर लाइनवर आपल्यापासून तास-दीड तासावर. पण आपल्यापैकी किती जणांनी तो आतून पाहिलाय? अनिर्बान लाहिरीचा जन्म पुण्यातला, पुण्याचा उदयन माने टोकियो ऑलिम्पिकमध्ये खेळला. अर्जेंटिनाच्या एमिलियानो ग्रियोने माघार घेतल्यावर ऐन वेळी मिळालेली ती जागा होती. अशी नावं बोटांवर मोजावी लागतात, कारण बाकीची मुलं फाटकाबाहेरच आहेत.

बदलापूरला गोल्फ कोर्स द्या, अशी मागणी मी करणार नाही. बारवी धरण उशाशी असून उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या गावात हिरवळ भिजवायची भाषा शोभत नाही. पण सिडकोने खारघरच्या डोंगरपायथ्याशी कोर्स उभारलाय, तो सार्वजनिक पैशातून, आणि तळोज्यामार्गे आपल्यापासून फार लांबही नाही. तिथे आठवड्यातले काही तास पालिका शाळांतल्या मुलांसाठी, नाममात्र शुल्कात आणि काठ्या पुरवून ठेवावेत. आधीच ठेवले असतील तर ते उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या शाळांपर्यंत पोचवावेत. टेनिस बॉलने भर पावसाळ्यात चिखलात षटकार मारणाऱ्या पोरांच्या मनगटात काय कमी आहे? कमी आहे ती फक्त आत शिरण्याची सोय.

असो. आता या आठवड्याकडे वळू. नाकाजिमा पुन्हा आलाय आणि त्याला हे मैदान कळलंय, म्हणून पहिला मान त्याचा. भारतीयांत माझी नजर वीर अहलावतवर. गुरुग्रामचाच पोरगा, गेल्या वर्षी इथे संयुक्त दुसरा, देशांतर्गत टूरवर वर्षभराच्या कमाईत अव्वल, आणि त्या जोरावर यंदा युरोपच्या टूरवर खेळतोय. घरच्या मैदानाचं ओझंही असतं, हे मात्र त्याला सांभाळावं लागेल. शुभंकर 2023 च्या ब्रिटिश ओपनमध्ये संयुक्त आठवा आला होता, त्याचा दिवस असला तर कुणाचंच ऐकत नाही. गगनजीत भुल्लरकडे आशियाई टूरच्या अकरा विजेतेपदांचा अनुभव आहे, आणि अशा कोर्सवर अनुभवाला मोल येतं. माझा अंदाज विचाराल तर अहलावत पहिल्या दहात, आणि विजेता 12 अंडरच्या पुढे जाणार नाही.

बघायचं कसं? गुरुवार-शुक्रवारी धावफलकावर वरची नावं बघू नका, 65 व्या क्रमांकाच्या आसपासची बघा. पोटापाण्याची खरी लढाई तिथे असते. शनिवारी दुपारी ग्रीन उन्हाने टणक झालेलं असतं आणि वारा सुटला की अंतराचे अंदाज चुकतात. कोण घाई करतोय आणि कोण पारवर समाधान मानतोय, ते तेव्हा कळेल. घाटातल्या पाटीवर लिहिलेलं असतं ना, अति घाई संकटात नेई. इथे ती थेट पाण्यात नेते. रविवारी पाडवा आहे. सकाळची शोभायात्रा, गुढी, श्रीखंड सगळं आटोपून दुपारी बसा. अठरावा होल पार पाचचा आहे आणि पाणी तिथेही आहे. बर्डीची आशा आणि दोन फटक्यांचा दंड, दोन्ही एकाच चेंडूत. आघाडी तीन फटक्यांपेक्षा कमी असेल तर शेवटचा पुट पडेपर्यंत रिमोट आयपीएलवाल्यांच्या हातात देऊ नका.

— मैदानकर