करारात नाव नाही, म्हणून घरमालक पाहुण्याला दारातूनच परत पाठवू शकतो का?

समजा, कोथरूडमधला एक टू बीएचके आहे. करारावर दोन मुलींची नावं आहेत. त्यातल्या एकीचा भाऊ एमपीएससीच्या परीक्षेसाठी लातूरहून येतो, हॉलमध्ये गादी टाकतो. चौथ्या दिवशी घरमालकाचा व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज येतो, "तो मुलगा कोण? करारात त्याचं नाव नाही. उद्यापर्यंत बाहेर काढा, नाहीतर तुम्हीपण फ्लॅट खाली करा."

भावाच्या जागी बाळंतपणाला आलेली आई असू शकते, जुना मित्र असू शकतो, बॉयफ्रेंड असू शकतो. प्रश्न तोच. भाडं वेळेवर भरणाऱ्या माणसाकडे कोण राहायला येणार, हे घरमालक ठरवणार का?

आधी एक गोष्ट स्पष्ट करूया. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ मध्ये "पाहुणा इतकेच दिवस राहू शकतो" असं सांगणारं कलम नाही. बंदी नाही, तशी हमीही नाही. त्यामुळे सगळं येऊन थांबतं ते करारावर. आणि आपल्याकडे बहुतेक जण ज्यावर सही करतात तो भाडेकरार नसतोच, तो असतो लिव्ह अँड लायसन्स.

हा फरक फक्त नावाचा नाही. १८८२ च्या इंडियन इझमेंट्स अ‍ॅक्टच्या कलम ५२ नुसार लायसन्स म्हणजे दुसऱ्याच्या जागेत काही करण्याची परवानगी. त्यातून जागेवर कसलाही मालकीसारखा हक्क तयार होत नाही. पागडीच्या घरात तीन पिढ्या राहणाऱ्या भाडेकरूला जे संरक्षण मिळतं, ते ११ महिन्यांच्या करारावर राहणाऱ्याला मिळत नाही. सोशल मीडियावर "भाडेकरूचे हक्क" म्हणून फिरणाऱ्या रील्समध्ये ही गोष्ट हमखास गाळलेली असते. ती गाळली की सल्ला ऐकायला छान वाटतो आणि वेळेला उपयोगाला येत नाही.

मग पाहुणा ठेवणं म्हणजे कराराचा भंग का?

घरमालक सहसा दोन अटींवर बोट ठेवतात. एक, जागा फक्त करारातल्या व्यक्तींनी किंवा त्यांच्या कुटुंबाने राहण्यासाठी वापरायची. दोन, जागा पोटभाड्याने द्यायची नाही.

पोटभाड्याचा आरोप पाहुण्याच्या बाबतीत सहसा टिकत नाही. पोटभाडं म्हणजे जागेचा ताबाच दुसऱ्याकडे सोपवणं. १९८८ मध्ये जगन्नाथ विरुद्ध चंदर भान या खटल्यात सुप्रीम कोर्टाने हे नेमकं सांगितलं होतं. दुकान वडिलांच्या नावाने भाड्याने होतं आणि मुलं तिथे धंदा करत होती. जोवर मूळ भाडेकरूने कायदेशीर ताबा सोडलेला नाही, तोवर दुसऱ्याने जागा वापरली म्हणून ताबा सोपवला असं होत नाही, असं कोर्टाने म्हटलं. तो खटला भाडेकरूचा होता, लायसन्सचा नव्हता. पण पोटभाडं कशाला म्हणायचं हे त्यातून समजतं. हॉलमध्ये गादी टाकून झोपणारा भाऊ पैसे देत नाही आणि बहीण तिथेच राहते, तर त्याला पोटभाडेकरू म्हणणं अवघड आहे.

पहिली अट मात्र हलक्यात घेऊ नका. चार दिवसांचा भाऊ पाहुणा आहे. तोच भाऊ पाच महिने राहिला, त्याची गाडी पार्किंगमध्ये लागली, आधारकार्डावर तो पत्ता आला, तर तो राहणारा झाला. ही रेषा कायद्याने दिवसांत आखून दिलेली नाही, त्यामुळे वाद झाला तर परिस्थिती बघितली जाते. इथे घरमालकाची काळजीही सगळीच खोटी नसते. बऱ्याच शहरांत भाडेकरूंची माहिती पोलिसांना द्या, असे आदेश पोलीस आयुक्त काढतात. आदेश मोडला तर कारवाई घरमालकावर होते. महिनोन्‌महिने राहणाऱ्या अनोळखी माणसाची माहिती मागणं हा त्याचा आगाऊपणा नाही.

"मी तोंडी सांगितलं होतं की!"

हे वाक्य बहुतेक भांडणांत येतं. पाहुणे चालणार नाहीत, हे घर दाखवताना सांगितलं होतं म्हणे. इथे १९९९ च्या कायद्याचं कलम ५५ कामाला येतं. लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि लेखी नोंदणीकृत करारच नसेल, तर अटींबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. ते चुकीचं आहे हे सिद्ध करायचं काम घरमालकाचं. नोंदणीचे पैसे वाचवायला गेलेला घरमालक इथे स्वतःच अडकतो.

करार नोंदणीकृत असेल तर जे लिहिलंय ते दोघांनाही लागू. मध्येच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला नवा नियम हा करारातला बदल होत नाही. त्यासाठी दोघांची संमती लागते.

पण त्याने कुलूपच बदललं तर?

खरी भीती ही असते. पाणी बंद, वीज बंद, सामान जिन्यात.

अट मोडली असं घरमालकाला वाटत असेल, तर त्याने करारातल्या कलमाप्रमाणे नोटीस द्यायची आणि पुढचा रस्ता कायद्याचा. कृष्णा राम महाले विरुद्ध शोभा वेंकट राव या १९८९ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की, स्थिर ताब्यात असलेल्या माणसाला, त्याचा राहण्याचा हक्क संपला असला तरी, मालक कायद्याबाहेर जाऊन हुसकावू शकत नाही. हा खटला लायसन्सवर जागा घेतलेल्याचाच होता. विजेबद्दल २०२२ मध्ये दिलीप विरुद्ध सतीश या खटल्यात कोर्टाने ती मूलभूत सुविधा असल्याचं सांगितलं. शिवाय पैसे देऊन घेतलेलं लायसन्स स्वतःची चूक नसताना मुदतीआधी हिरावलं गेलं, तर इझमेंट्स अ‍ॅक्टचं कलम ६४ भरपाई मागण्याचा हक्क देतं.

तरीही कागदावरचा हक्क आणि रात्री साडेदहाला जिन्यात सामान घेऊन उभं राहणं यात अंतर आहे. ११२ वर फोन केला तर "हा दिवाणी मामला आहे" असं उत्तर मिळू शकतं. अशा वेळी बदललेल्या कुलपाचा फोटो, मेसेजचे स्क्रीनशॉट, भाडं भरल्याच्या नोंदी आणि करार हाताशी ठेवून लेखी तक्रार द्यायची. घरात जाण्यापासून अडवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२६ खाली येणारा प्रकार असू शकतो, हे तक्रारीत लिहिता येतं.

सोसायटीचं काय?

"सोसायटीचा नियम आहे" हे घरमालकाचं आवडतं वाक्य. असेल तर उपविधीतला नियम किंवा सर्वसाधारण सभेचा ठराव दाखवा, असं विचारायला हरकत नाही. गेटवरच्या रजिस्टरमध्ये नोंद करायला लावणं वेगळं आणि रात्री दहानंतर मुलीकडे पुरुष पाहुणा नको म्हणणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात सुरक्षेपेक्षा चारित्र्याची चौकशी जास्त असते. सज्ञान व्यक्तींनी लग्नाशिवाय एकत्र राहणं गुन्हा नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये एस. खुशबू प्रकरणात स्पष्ट केलंय. पण त्यामुळे घरमालकाने अविवाहित जोडप्याला घर दिलंच पाहिजे, असं होत नाही.

आणि सगळ्यात कटू भाग. घरमालकाला भांडायची गरजच नसते. करारात एका महिन्याच्या नोटिशीची सोय असेल तर तो ती वापरतो, किंवा ११ महिने संपल्यावर नूतनीकरण करत नाही. मुदतीनंतर अडून राहिलं तर कलम २४ नुसार दुप्पट दराने नुकसानभरपाई अंगावर येते. पाहुण्यापायी इतकं ताणायचं का, हा हिशोब ज्याचा त्याने करायचा.

म्हणून कोथरूडच्या त्या मुलीसाठी सोपा मार्ग हा, की त्याच दिवशी लेखी उत्तर द्यायचं. भावाचं नाव, नातं, येण्याची आणि जाण्याची तारीख, हवं तर ओळखपत्राची प्रत. मुक्काम लांबणार असेल तर पूरक करार करून नाव घालून घ्यायचं. आणि पुढचं घर घेताना एजंट "स्टँडर्ड फॉरमॅट आहे" म्हणत सहीसाठी घाई करेल, तेव्हा थांबून एक ओळ वाढवायला सांगायची. पाहुणे सलग किती दिवस राहू शकतात, तो आकडा.