पाळी गेली म्हणून सायकल सोडू नका

मराठवाड्यातल्या मागास तालुक्यांमध्ये मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत जायला सायकली मिळाल्या. मुलगी बारावी झाली, लग्न होऊन सासरी गेली, की ती सायकल भिंतीला टेकून गंजत पडते. त्याच घरातली आई मात्र रेशनला, बाजाराला, दवाखान्यात गुडघे धरत पायी जाते, नाहीतर ऑटोच्या भाड्यासाठी घरात हात पसरते. आमचे म्हणणे साधे आहे. ती सायकल आता आईने चालवावी.

यावर "आता या वयात?" हे पहिले उत्तर ठरलेले असते. जरा विश्वासाने विचारले की खरे उत्तर हळू आवाजात येते, "बसवत नाही, खाली आग होते." भगिनींनो, हे दुखणे खरे आहे. त्यात लाजण्यासारखे काही नाही आणि त्यावर उपायही आहे.

सलग बारा महिने पाळी आली नाही म्हणजे ती गेली, असे समजतात. आपल्याकडे बहुतेक बायकांच्या बाबतीत हे पंचेचाळीस ते पन्नासच्या दरम्यान घडते. त्या वेळी शरीरातले इस्ट्रोजेन नावाचे संप्रेरक कमी होते. त्यामुळे योनीमार्गाची आणि बाहेरची त्वचा पातळ व कोरडी पडते, लवकर सोलवटते. अंगातून वाफा निघतात, झोप मोडते, पोटाचा घेर वाढतो. याच काळापासून हृदयविकाराचा धोकाही वाढू लागतो. म्हणजे हालचालीची गरज वाढते तेव्हाच बसणे अवघड होते.

आपल्या भागात हा प्रश्न अनेकींना लवकर गाठतो. शेजारच्या बीड जिल्ह्यात राज्य सरकारच्या समितीने २०१९ मध्ये ८२ हजारांहून जास्त ऊसतोड महिलांची पाहणी केली, तेव्हा त्यातल्या १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयेही काढली असतील, तर तिशी-पस्तिशीतच हे सगळे त्रास एकदम सुरू होतात. अशा बाईला "तुझं वय काय, दुखतंय काय" म्हणणे अन्याय आहे.

आता सायकलकडे बघू. आग होण्याचे निम्मे कारण सीट असते. सीट अरुंद असेल तर शरीराचा भार बसायच्या दोन हाडांवर न येता मधल्या नाजूक जागेवर येतो. म्हणून मागून रुंद सीट घ्यावी. फार मऊ, जाड गादीही नको. ती दबून मध्येच टोचते. सीट सपाट ठेवावी. पुढचे टोक वर उठलेले असेल तर मिस्त्रीकडून एका पान्याचे काम आहे. हँडल थोडे उंच केले की पुढे वाकावे लागत नाही. पॅडल सगळ्यात खाली असताना टाच त्यावर ठेवली, तर पाय जवळजवळ सरळ व्हावा. सीट फार खाली असेल तर गुडघे दुखतात. नवीन शिकणारीने मात्र दोन्ही पाय जमिनीला टेकतील इतकी सीट आधी खाली ठेवावी.

आतला कपडा सुती, जाड शिवण नसलेला असावा. नायलॉन नको. साडीखाली सुती लेगिंग घालावी आणि पदर, काठ खोचून घ्यावेत, म्हणजे चाकात अडकणार नाहीत. ती जागा साबणाने घासू नये, नुसत्या पाण्याने धुवावी. निघण्याआधी बाहेरच्या त्वचेला थोडे खोबरेल लावले तरी घासणे कमी होते. कोरडेपणा जास्त असेल तर त्यावर मलम मिळते, ते डॉक्टरांना विचारूनच घ्यावे.

काही गोष्टी अंगावर काढू नका. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर रक्ताचा एक डाग जरी दिसला तरी लगेच दवाखाना गाठावा. लघवीला जळजळ, अंग बाहेर येणे, छातीत दुखणे असेल तर आधी तपासणी करावी आणि मगच सायकल चालवावी.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. सायकल हृदयाला, साखरेला आणि मांड्यांच्या ताकदीला चांगली, पण तिच्यावर शरीराचा भार सीट उचलते, म्हणून हाडे तेवढी बळकट होत नाहीत. त्यासाठी चालणेही हवे आणि ताटात शेवग्याचा पाला, तीळ, दूध-दही हवे.

बोरी परभणी-जिंतूर रस्त्यावर आहे. त्या रहदारीत शिकायची गरज नाही. रविवारच्या वंदनेनंतर विहारापुढच्या मोकळ्या जागेत, उन्हाळ्यात सकाळी लवकर, चार-पाच जणींनी मिळून शिकावे. तामिळनाडूतल्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता मोहिमेबरोबर हजारो खेड्यातल्या बायका सायकल शिकल्या. लोक आधी हसले, मग त्यांना सवय झाली.

घरातल्या मुलांनी आणि पुरुषांनी एवढेच करावे. त्या गंजलेल्या सायकलीत हवा भरावी, ब्रेक बघावेत, सीट बदलून आणावी. आणि आई सायकलवर बसली की हसू नये, मागून सायकल धरावी.